बाबा कुठे शिकले?

दिवाळीत न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. चकल्या दाखवायला गेले, तर कन्या थेट मुद्द्यावर. ‘आत्या, कॉलेजच्या फॉर्ममध्ये विचारलंय, आईबाबा कुठे शिकले. भरू का?’ मागून दादा ओरडला, ‘भर ना गं! खोटं थोडंच लिहितेयस?’

दादाने जिथून एम.एस. केलं, तिथेच तिला जायचंय. आणि तिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा जरा जास्त प्रेमाने विचार होतो. याला तिकडे ‘लेगसी’ म्हणतात. आपल्या भाषेत, ‘घरचीच पोरगी आहे, सांभाळून घ्या’!

हे सांभाळून घेणं केवढं, ते हार्वर्डवरच्या खटल्यात उघड झालं. सहा वर्षांच्या आकड्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, बाकीच्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. त्याच खटल्यात २०२३ साली सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार करून प्रवेश देणं बंद केलं. लेगसीला मात्र हात लागला नाही. (गंमत आहे ना?)

त्याच वर्षी राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ‘सॅट’चे मार्क सारखेच असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना हार्वर्डसारख्या कॉलेजात मध्यमवर्गीय मुलांपेक्षा दुपटीहून जास्त संधी. कारणांत लेगसी आहेच, शिवाय महागड्या खासगी हायस्कूलमधून येणारी वजनदार शिफारसपत्रंही. भाचीची शाळा अशीच. जॉन्स हॉपकिन्सने हा लाड २०१४मध्येच थांबवला. कॅलिफोर्नियाने २०२४ साली खासगी कॉलेजांसाठीही बंदीचा कायदा केला.

हे सगळं मी तिला ताडताड ऐकवणार होते. पण जीभ अडली. कारण माझी अकरावी! दहावीला मला ८४ टक्के. क्लासमध्ये शेजारी बसणारी माझी मैत्रीण म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, तिला ८८. मुंबईतल्या त्या नावाजलेल्या कॉलेजात मी गेले, ती नाही. माझी शाळा त्याच संस्थेची, म्हणून ‘इनहाऊस कोटा’. आणि त्या शाळेत शिशुवर्गात मला घेतलं, कारण एक ट्रस्टी बाबांचे मित्र. मैत्रीण दोन लोकल बदलून दुसऱ्या कॉलेजात जायची. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. पुढे भेटणंही थांबलं.

‘आत्या, आहेस ना?’

‘आहे गं. दादाला विचार, त्याच्या फॉर्मवर काकांचं कॉलेज कुणी विचारलं होतं का?’

काका एसटीत कंडक्टर होते. शिक्षण मॅट्रिक.

पलीकडे क्षणभर शांतता. मग दादा हळूच म्हणाला, ‘नव्हतं विचारलं. पण विचारलं असतं आणि सांगण्यासारखं असतं, तर मी लिहिलंच असतं.’

फॉर्म गेलाय. ती ओळ भरून. निकाल मार्चअखेरीस.

मी मात्र फेसबुकवर त्या मैत्रिणीचं नाव शोधतेय. लग्नानंतरचं आडनाव माहीत नाही.