यादीवरचा पहिला आकडा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली आणि १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडास पीपल्स कॉलेज उभे राहिले, तेव्हा मराठवाड्याच्या ज्या मुलखात गश्ती निशाण ५३ या निजामी हुकमाच्या अमलाखाली जाहीर सभेसही पूर्वपरवानगी लागत असे, तेथील लोकांना समिती नेमणे, पावतीपुस्तक छापणे आणि उजळ माथ्याने दारोदार वर्गणी मागणे या गोष्टी, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखे अपवाद वगळता, जवळजवळ नव्यानेच शिकाव्या लागल्या. दानवृत्ती मात्र मुळीच नवी नव्हती. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर चालत आला होता, आणि आडतीवर शेतमालाच्या पट्टीतून धर्मादायाची किरकोळ रक्कम बाजूस काढण्याची रीत बाजारात रुजलेली होती. परंतु ते दान श्रद्धेच्या खाती जमा होई. संस्थेसाठी मागणाऱ्यास आपली पत नव्याने निर्माण करावी लागे, आणि समितीचे खरे काम तेच होय, असे माझे मत अनुभवान्ती बनले आहे.

तरुणपणी एका संस्थेच्या इमारत निधीसाठी आम्ही लातूरच्या गंजगोलाईत फिरलो. आमच्या समितीत नामवंतांची वाण नव्हती, निवेदनही सुबक छापलेले होते, पण ज्या आडत्याच्या गादीवर आम्ही प्रथम टेकलो, त्याने निवेदनाकडे दृष्टीही न टाकता यादीचा कागद मागून घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, "तुम्ही किती घातले?" कागद कोरा होता. त्याने मुनिमास एक्कावन्न रुपये मांडावयास सांगितले, पावती घेतली, चहा पाजला; आणि मग त्या ओळीतील प्रत्येक दुकानात, ऐपत कितीही असो, एक्कावन्नाचाच आकडा पडत गेला. पुढील वर्षी समितीची फेररचना झाली ती याच धड्यावरून. प्रत्येक सभासदाने आपली रक्कम आधी भरावयाची, प्रत्येक फेरीत त्याच पेठेतील एक माणूस बरोबर न्यावयाचा, आणि ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याच्या हाती रोकड राहू द्यावयाची नाही, हे तीन नियम ठरले. नावापुरते सभासद तेव्हा आपोआप गळाले, याचे मला आजही समाधान वाटते.

पत निर्माण करण्याची आणखी एक वाट लातुरातच पाहिली. १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले. ज्यांनी येथेच राहून आयुष्य वेचले, त्यांना मागण्याचा अधिकार वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्यांच्या यादीवरचा पहिला आकडा रुपयांत मांडता येत नाही, एवढेच.

त्या अधिकाराची प्रचिती अर्धशतकानंतर आली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात येऊ लागली आणि घागरींच्या रांगांवरून शहर देशभर ओळखले जाऊ लागले, त्याच सुमारास डॉ. कुकड्यांच्या पुढाकाराने नागरिकांनी 'जलयुक्त लातूर'चे काम हाती घेतले. मांजरा नदीचे सुमारे १८ किलोमीटरचे पात्र खोल व रुंद करावयाचे, आणि त्यासाठी लागणारा कोट्यवधींचा निधी लोकांकडूनच उभारावयाचा, असा तो संकल्प होता. दुष्काळात आडत थंडावलेली, शेती बुडालेली. अशा वर्षी देणग्या मागणे अविचाराचे ठरेल अशी धास्ती मलाही वाटली होती, आणि ती खोटी ठरली. व्यापारी, डॉक्टर, वकील, नोकरदार सर्वांनी दिले. कारण मागणारे ओळखीचे होते, आणि ज्याने शंभर रुपये दिले तोही सायंकाळी नदीकाठी जाऊन, पोकलेनच्या बकेटमधून निघणारा गाळ टिपरात पडताना, आपले पैसे कोठे खर्च होत आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकत होता. ताळेबंद वर्षअखेरीस छापून येतो. हा हिशेब रोज उघडा होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले.