सर्व्हर: एक प्रोसेसर की दोन?

केसपेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रे, औषधांचा साठा ही रुग्णालयातली कामे आता संगणकावर होतात. प्रत्येक कामाला वेगळे यंत्र न घेता एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवता येतात. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. खरेदीच्या वेळी प्रश्न पडतो, प्रोसेसर एक असावा की दोन?

एक मूत्रपिंड निकामी झाले तरी माणूस दुसऱ्यावर जगतो. प्रोसेसरचेही तसेच असेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दोनपैकी एक प्रोसेसर बिघडला, तर बहुधा सगळा सर्व्हर बंद पडतो आणि त्यावरचे सारे आभासी संगणकही.

दोन प्रोसेसरमुळे कोअर आणि मेमरी वाढते, हे खरे. पण प्रत्येकाची मेमरी वेगळी असते आणि दुसऱ्याच्या मेमरीतली माहिती आणायला जास्त वेळ लागतो. शिवाय २०१९ मध्ये एएमडीने एकाच प्रोसेसरमध्ये ६४ कोअर दिले. त्यामुळे मध्यम रुग्णालयाला दोन प्रोसेसरची गरज सहसा पडत नाही. विंडोज सर्व्हरचा परवानाही कोअर मोजून मिळतो. जादा कोअर म्हणजे जादा खर्च.

त्यापेक्षा एकेका प्रोसेसरचे दोन सर्व्हर घ्यावेत. एकट्याला सारा भार पेलता यावा आणि माहिती दोन्हींकडे असावी. तशी व्यवस्था केली असेल, तर एक बंद पडल्यावर दुसऱ्यावर काम पुन्हा सुरू होते. बॅकअप मात्र तिसऱ्या जागी हवाच. मध्यरात्री अपघाताचा रुग्ण आला, तर त्याचा अहवाल सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत थांबून चालत नाही.