पाव मिलिमीटरचा ताण

१ जूनला मासेमारी थांबते आणि नाटे बंदरात दुसऱ्या एका कामाचा हंगाम सुरू होतो. राजापूर तालुक्यातलं, जैतापूर खाडीच्या काठचं आणि यशवंतगडाच्या पायथ्याचं हे गाव मुळात मच्छीमारांचं. यांत्रिक नौकांवरची बंदी ३१ जुलैपर्यंत असते. कोकण किनाऱ्यावर या ६१ दिवसांत नौका ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि दहा महिने खाऱ्या पाण्यावर धडधडलेली इंजिनं उघडली जातात. त्या उघडण्यात सगळ्यात जोखमीचं काम हेड उतरवण्याचं.

हे काम फक्त नौकेच्या इंजिनाचं नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी नौकांमध्ये अशोक लेलँडसारख्या कंपनीचं, मूळ ट्रकसाठी घडवलेलं आणि समुद्रासाठी थोडं बदललेलं इंजिन बसवलेलं असतं. अणुस्कुरा घाट चढणाऱ्या मालट्रकचं इंजिन आणि खाडीच्या मुखातून बाहेर पडणाऱ्या नौकेचं इंजिन ही एकाच घराण्यातली. दारात उभ्या असलेल्या मोटारीचं हेडही त्याच नियमांनी निघतं आणि त्याच नियमांनी बसतं. या नियमांमागचं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. ते समजलं की मिस्त्री एकेक बोल्ट ठरावीक क्रमानं का सैल करतो, हेही उमगतं.

सिलिंडरच्या वर बसवलेला ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा म्हणजे हेड. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यातच असतात, डिझेल फवारणारं नोझल त्यातच असतं आणि ते सगळं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटाही त्याच्याच पोटातून जातात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबतो, त्या दाबानं हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्या क्षणी ज्वलनाचं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. ओतीव लोखंड साधारण १,२०० अंशांच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच. हेड वितळत नाही, कारण ही आग क्षणभराची असते आणि मागे पाणी वाहत असतं. पाणी थांबलं, की काही मिनिटांत हेड वाकायला लागतं.

दाबाचा हिशेब करून पाहू. सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर धरला, तर त्याचं क्षेत्रफळ होतं ७८.५ चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब १०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास १०० किलो, धरला तर हेडला खालून वर ढकलणारं बळ सुमारे ८ टनांचं होतं. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधून हा धक्का मिनिटाला ७५० वेळा बसतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचं गॅसकेट असतं. आमच्याकडे त्याला सरळ 'हेड पॅकिंग' म्हणतात. एकाच वेळी तीन गोष्टी, तापलेला वायू, दाबाखालचं तेल आणि थंड करणारं पाणी, एकमेकांपासून वेगळ्या ठेवायचं काम त्या पातळ पत्र्यावर सोपवलेलं असतं. एवढा भार एवढ्याशा जागी पेलणारा सांधा इंजिनात दुसरा नाही.

मग हा सांधा ठेवलाच कशाला? सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींमध्ये तो नव्हता. सिलिंडर आणि हेड एकसंध ओतलेलं असे, त्यामुळे गळतीचा प्रश्न नसे. पण व्हॉल्व्ह घासायचा किंवा काजळी खरवडायची म्हटलं की आत हात जाणं मुश्कील. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीनं सुटं हेड घरोघर पोचवलं आणि दुरुस्ती साध्या गॅरेजच्या आवाक्यात आली. डिझेल इंजिन त्याआधीच, १८९७ मध्ये, आउग्सबुर्गच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी यशस्वीपणे चालवून दाखवलं होतं. आपल्याकडे धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याच्या कारखान्यानं १९३०च्या दशकात देशी डिझेल इंजिन तयार केलं. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात उभी राहिली आणि विहिरीवरच्या पंपापर्यंत इंजिन पोचलं. सुट्या हेडनं हे सगळं दुरुस्त करण्याजोगं ठेवलं. त्याची किंमत म्हणजे तो नाजूक सांधा.

सांधा टिकतो तो बोल्टांच्या ताणावर. ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बोल्ट आवळला की तो नुसता अडकून बसत नाही, तो लांब होतो. रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली मांडलेला नियम इथे अक्षरशः लागू पडतो: जितका ताण, तितकी लांबी वाढते. १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट १५० न्यूटन-मीटर जोरानं आवळला, तर त्यात सुमारे साडेपाच टनांचा ताण येतो आणि त्याची लांबी अंदाजे पाव मिलिमीटर वाढते. पोलाद परत आखडू पाहतं आणि त्या आखडण्यानं हेड ब्लॉकवर दाबून धरलं जातं. एका सिलिंडरभोवती असे चार ते सहा बोल्ट असतात, म्हणून ८ टनांचा धक्का बसूनही सांधा उघडत नाही.

यातून एक चकित करणारी गोष्ट निघते. नीट आवळलेला बोल्ट तुटत नाही, सैल राहिलेला तुटतो. पुरेशा ताणाखालच्या बोल्टपर्यंत ज्वलनाचा प्रत्येक धक्का फार कमी पोचतो, कारण आधीच दाबून धरलेला सांधाच तो पेलून घेतो. सैल बोल्टला मात्र दर धक्क्याला ताणावं लागतं, सुटावं लागतं. लाखो वेळा असं झालं की धातू थकतो आणि एके दिवशी आट्यांपाशी तुटतो.

आता हेड उतरवण्याकडे येऊ. पहिली अट, इंजिन पूर्ण गार हवं. शक्य असेल तर रात्रभर थांबावं. गरम हेडचे बोल्ट सोडले तर आतून तापलेला आणि बाहेरून निवलेला धातू त्या वेड्यावाकड्या अवस्थेतच मोकळा होतो आणि कायमचा वाकू शकतो. ॲल्युमिनियमच्या हेडला हा धोका जास्त. मग कूलंट किंवा पाणी काढून टाकायचं, सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड सोडवायचा, नोझलच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडं लगेच स्वच्छ टोप्यांनी बंद करायची. डिझेल पंपातल्या प्लंजरची फट दोन-तीन मायक्रॉनांची असते, वाळूचा एक कण तिथे पुरेसा होतो. पुशरॉड ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं फळीवर खोचून ठेवायचे, कारण प्रत्येकाची झीज त्याच्या जागेशी जुळलेली असते. नव्या मोटारींत कॅमशाफ्ट हेडवरच असतो. तिथे टायमिंगच्या खुणा जुळवून घेतल्याशिवाय पट्ट्याला किंवा साखळीला हात लावू नये, नाहीतर जुळणीनंतर पहिल्याच फेरीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

बोल्ट सोडायचे ते टोकांकडून मध्याकडे, आणि प्रत्येक वेळी थोडेसेच. एकच बोल्ट पूर्ण काढला तर त्याच्या वाट्याचे साडेपाच टन नाहीसे होतात, पण शेजारच्या बोल्टांची ओढ तशीच राहते. मग हेड त्या जागी उचललं जातं आणि कमानीसारखं वाकतं. पाव-पाव फेरीनं सगळे बोल्ट सैल केले की ताण सर्वत्र सारखा उतरतो. घाईत हा क्रम मोडणारे हात मी बरेच पाहिले आहेत, आणि मला ते बघवत नाही. दोन तास वाचवायचे आणि हजारो रुपयांचं हेड घालवायचं, याला कौशल्य म्हणवत नाही.

नौकेवर यात खाऱ्या पाण्याची भर पडते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ-साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, पण कॅल्शियमच्या काही क्षारांचं उलट आहे: पाणी तापलं की ते बाहेर पडतात आणि थर धरतात. समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरवलं तर हेडच्या अरुंद वाटा या थरानं बुजतात. त्यावर उपाय म्हणजे हीट एक्स्चेंजर. आत गोडं पाणी फिरतं आणि त्याला बाहेरून समुद्राचं पाणी निववतं. दुसरा शत्रू विद्युत-रासायनिक आहे. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम असे वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. म्हणून नौकेला जस्ताचे तुकडे लावतात. जस्त स्वतः झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा असाच वाचवला. पत्रा वाचला, पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शिंपले आणि शेवाळ बिनधास्त वाढू लागलं!

गंजलेला स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, न निघण्याचं कारणही साधं आहे. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगून पाचरीचं काम करतो. अशा वेळी लांब पाइप लावून जोर केला की स्टड मुळातच तुटतो आणि मग ब्लॉकमध्ये ड्रिल घालावं लागतं. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवणं, हलके ठोके देणं, भोवतालचा भाग माफक तापवणं आणि थोडं उलट, थोडं सुलट फिरवत काढणं, यात वेळ जातो, पण स्टड शाबूत निघतो.

हेड सुटलं की सरळ वर उचलायचं. फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, त्याचा एक ओरखडा पुढच्या गळतीला पुरेसा होतो. मग पुढे असतो तो पुरावा. गॅसकेटवर दोन सिलिंडरांच्या मधे काजळीची काळी रेघ असेल तर वायू तिथूनच जात होता. चार पिस्टन काळे आणि एकच लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं, वाफेनं काजळी धुऊन नेली. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत असेल तर पाणी तेलात मिसळलं आहे. ते तसंच वापरलं तर बेअरिंग जातात. व्हॉल्व्हांच्या मधल्या अरुंद पट्टीवर तडा गेला आहे का, हे पाहायला रॉकेल आणि खडू पुरतात. रॉकेल लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड फासायची. तड्यात दडलेलं रॉकेल खडूवर ओलसर रेघ उमटवतं. रेल्वेच्या कारखान्यांत हीच पद्धत वर्षानुवर्षं वापरली गेली. जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नये, हवेच्या झोतानं उडवू तर अजिबात नये. ती धूळ फुप्फुसात बसते आणि वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

हेड सपाट आहे की वाकलं, हे सरळ पोलादी पट्टी आणि फिलर गेज सांगतात. बहुतेक हेडना पाच-दहा शतांश मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही. वाकलेलं हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, देता येतं, पण अमर्याद नाही. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात एक मिलिमीटरच्या आसपासच जागा असते. म्हणून कंपन्या वेगवेगळ्या जाडीची गॅसकेट देतात आणि काठावरच्या खाचा-भोकांनी ती ओळखायची असतात. जुनं दिसलं तसंच नवं घ्यायचं, हे पुरेसं नाही.

गॅसकेटला तापमानाशीही झगडावं लागतं. अर्धा मीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड ८० अंशांनी तापलं तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतं, त्याखालचा लोखंडी ब्लॉक ०.४५ मिलिमीटर. दर वेळी इंजिन चालू-बंद करताना हे दोघे एकमेकांवर घासतात आणि मधे गॅसकेट असतं. आताची अनेक पदरी पोलादी गॅसकेट हे सोसतात, पण त्यांना अगदी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. जुन्या तांब्या-ॲस्बेस्टॉसच्या गॅसकेटनं पोटात घातलेला खडबडीतपणा ती पोटात घालत नाहीत.

बसवताना क्रम उलटा: मध्याकडून टोकांकडे, तीन-चार टप्प्यांत. आणि इथे घर्षण फसवतं. पाना फिरवायला लावलेल्या जोरातला जवळपास निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांत, आणि खरा ताण बनायला उरतात जेमतेम १० टक्के. कोरड्या आट्यांना साडेपाच टन देणारा तोच टॉर्क तेल लावलेल्या आट्यांना सात टनांपर्यंत नेऊ शकतो. म्हणून कंपनीनं तेल लावायला सांगितलं असेल तरच लावावं, आणि आट्यांच्या भोकात तेल साचू देऊ नये.

मोठ्या जहाजांच्या इंजिनांत हा गोंधळ टाळायला स्टड फिरवून आवळतच नाहीत. हायड्रॉलिक जॅकनं ते सरळ ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेत नट हातानं खाली बसवतात. अणुभट्टीच्या दाबपात्राचं झाकणही असंच ताणून बंद करतात. नाट्याच्या जवळच माडबनला १,६५० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्यांचा प्रकल्प प्रस्तावित आहे. त्यातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची धास्ती इथल्या मच्छीमारांनी वारंवार बोलून दाखवली आहे. दहा अश्वशक्तीचं असो वा हजारो मेगावॉटचं, उष्णतेवर चालणारं यंत्र कुठेतरी उष्णता टाकणारच.

हेड बसलं की टॅपेटची फट जुळवायची, डिझेलच्या नळीतली हवा काढायची आणि इंजिन चालू करायचं. जुन्या पद्धतीचं गॅसकेट पहिल्या तापण्यात थोडं दबतं. बोल्ट एकूण पाव मिलिमीटरच ताणलेला असतो, म्हणून गॅसकेट ०.०५ मिलिमीटर दबलं तरी ताणाचा पाचवा हिस्सा जातो. त्यामुळे गार झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. अनेक पदरी पोलादी गॅसकेटला आणि कोन मोजून आवळायच्या बोल्टांना हे करू नये. असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात, ते पुन्हा लावणं ही खोटी काटकसर आहे.

चांगला टॉर्क पाना, एक खात्रीची पोलादी पट्टी आणि फिलर गेज, एवढ्या वस्तू एकट्या मिस्त्रीला महाग वाटतात, पण मच्छीमार सोसायटीला मुळीच जड नाहीत. प्रत्येक बंदरातल्या सोसायटीनं हा संच घ्यावा, दरवर्षी मे महिन्यात त्याची अचूकता तपासून घ्यावी आणि जून-जुलैत नोंद ठेवून सभासदांना वापरायला द्यावा. आयटीआयतून डिझेल मेकॅनिक होऊन आलेल्या गावातल्या मुलांकडे ही जबाबदारी सोपवता येईल. १ ऑगस्टला समुद्रात जाणाऱ्या नौकेवर ज्यांचा जीव आणि ज्यांचं घर अवलंबून आहे, त्यांनी बोल्टचा ताण केवळ मनगटाच्या अंदाजावर सोडू नये.