फोन नको, लिहून पाठवा

दिवाळीच्या शुभेच्छांसोबत आपण फोनवरून जी पणती पाठवतो, ती 2019 सालची. त्याआधी इमोजींमध्ये पणती नव्हती. लोक मेणबत्तीवर किंवा आतषबाजीवर भागवायचे. जगभरच्या लिप्यांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संस्थेने त्या वर्षीच्या मार्चमध्ये नवी चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत पणती आली, साडी आली, देऊळ आलं, ऑटोरिक्षाही आली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी या चौघींचं कौतुक केलं, ते साहजिकच होतं. पण त्याच यादीत आणखी दोन चित्रं होती, ज्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. एक, श्रवणयंत्र लावलेला कान. दुसरं, कानाशी बोट नेलेला माणूस. म्हणजे कर्णबधिर व्यक्ती.

ही दोन चित्रं आपोआप आली नाहीत. मार्च 2018 मध्ये ॲपल कंपनीने युनिकोडकडे 13 चित्रांचा प्रस्ताव पाठवला. पांढरी काठी घेतलेली माणसं, चाकाची खुर्ची, कृत्रिम हात आणि पाय, वाट दाखवणारा कुत्रा, आणि ही कानाची चित्रं. हा प्रस्ताव तयार करताना अपंगांच्या संघटनांशी चर्चा झाली होती; अमेरिकेतली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ त्यांपैकी एक. ही यादी परिपूर्ण नाही, फक्त सुरुवात आहे, असं प्रस्तावातच नमूद केलेलं आहे. माणसाच्या चित्रातलं ते बोट अमेरिकी सांकेतिक भाषेतून आलं. तिथे बोट कानाजवळून तोंडाकडे नेलं की ‘मी कर्णबधिर’ असं सांगून होतं.

यातली एक तांत्रिक गोष्ट मराठी वाचकाला खास आवडावी. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ या शब्दांत ‘य’ला चिकटून जो आडवा ‘र’ येतो, तो संगणकाला समजावण्याच्या एका पद्धतीत न दिसणारं जोडचिन्ह वापरावं लागतं. कर्णबधिर स्त्रीचं चित्रसुद्धा अगदी त्याच जोडचिन्हाने बनतं : आधी व्यक्ती, मग जोडचिन्ह, मग स्त्रीचं चिन्ह. फोन जुना असेल तर हा सांधा निखळतो आणि माणूस एकीकडे, चिन्ह दुसरीकडे असं दिसतं. फोन आणखी जुना असेल तर नुसता रिकामा चौकोन. ज्यांच्याकडे जुने फोन असतात त्यांच्यातच ही चित्रं हवी असलेले बरेच जण असतात, हे विसरता येत नाही.

चित्राचा अर्थही निसटतो. 2023 च्या सुमारास शाळकरी मुलांत ‘म्यूइंग’ नावाचं फॅड पसरलं. जबड्याची रेषा उठून दिसावी म्हणून जीभ टाळूला लावून गप्प बसायचं. त्याची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवलेला चेहरा आणि त्याच्या मागोमाग कर्णबधिर व्यक्तीचं चित्र पाठवायचं. रील्समधून ते आपल्याही मुलांपर्यंत आलं. मुलांच्या मनात वाईट काही नसतं. हे चित्र कुणाचं आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. पण इतक्या खटपटीने मिळालेली ओळख चार वर्षांत दुसऱ्याच अर्थाखाली झाकली जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरात असं चित्र पाठवणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एकदा जवळ बसवून समजावून सांगावं.

माझी मावशी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, तुळसीधाम चार रस्त्याच्या जवळ. साठी ओलांडल्यावर तिचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. आता कानामागे यंत्र असतं, 13 नंबरच्या सेलवर चालणारं. त्या सेलची नारिंगी पट्टी काढली की तो लगेच यंत्रात घालायचा नाही, मिनिटभर तसाच ठेवायचा, हवा आत जाऊ द्यायची, मग तो नीट चालतो. मावशी ते मिनिट इमानेइतबारे मोजते. दिवसभर यंत्र घालणं तिला सोसत नाही. कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्न डोक्यात जातात. म्हणून तिने स्वतःच एक पद्धत बसवली. यंत्र घातलं की घरच्या ग्रुपवर श्रवणयंत्रवाला कान पाठवायचा : आता फोन केला तरी चालेल. काढलं की काट मारलेला कर्णा : आता लिहा. देवळात निघाली तर रिक्षा आणि देऊळ.

“मावशी, हे तुला शिकवलं कुणी?” मी विचारलं.

“शिकवायचं काय त्यात? रोज ‘यंत्र घातलंय, यंत्र काढलंय’ असं कोण टाइप करत बसेल?”

त्या चित्राचा असा उपयोग कुठल्याही प्रस्तावात नाही. मला मात्र तोच सगळ्यांत खरा वाटतो. ‘मी अशी आहे’ एवढ्यावर ती थांबत नाही. माझ्याशी आत्ता कसं बोलावं, हे ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार 2050 पर्यंत जवळपास 250 कोटी लोकांना कमीअधिक प्रमाणात ऐकू कमी येत असेल, म्हणजे दर चार माणसांत एकाला. अशी माणसं घरोघरी असतील आणि त्यांतली बरीच आपली आई, काका, मावशी असतील.

पण मावशीला साठ वर्षं मराठी कानावर पडलेलं आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्ट फार वेगळी आणि फार अवघड. वडोदऱ्यातल्या मराठी घराचा विचार करा. गायकवाडांच्या काळापासून इथे स्थिरावलेलं कुटुंब, घरात मराठी, शाळेत आणि लारीवर गुजराती, टीव्हीवर हिंदी, फोनच्या पडद्यावर इंग्रजी. ऐकू येणारं मूल या चारही भाषा खेळता खेळता उचलतं. ऐकू न येणाऱ्या मुलाने ओठ बघून काय काय उचलायचं? ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि उघडतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळच राहतात, बाहेर दिसतच नाहीत. लहानपणी सांकेतिक भाषाही मिळाली नाही, तर कुठलीच भाषा पुरती हाती लागत नाही, आणि मग लिहिलेलं वाचणंही जड जातं. ‘त्यांना ऐकू येत नाही ना, मग लिहून द्या’ हा उपाय सगळ्यांना पुरत नाही तो यामुळे.

तिथे चित्रं पूल होतात का? थोडीफार होतात. भारतीय सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचाच भाग आहे. भुवया, विस्फारलेले डोळे, पुढे झुकलेलं डोकं यांवरून वाक्य विधान आहे की प्रश्न हे कळतं. ‘काय’, ‘कोण’ अशा अर्थाची खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. नुसत्या लिहिलेल्या शब्दांत हा चेहरा हरवतो आणि इमोजी त्यातला काही अंश परत आणतात. पण इमोजींना ना वाक्यरचना, ना काळ, ना ‘कुणी कुणाला’. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 मध्ये आपल्या कोशाची तिसरी आवृत्ती काढली, तीत 10,000 शब्द आहेत. ती भाषा आहे. घरातल्या कर्णबधिर मुलाला अंगठा आणि नमस्काराची चित्रं पाठवून ‘आम्ही त्याच्याशी बोलतो’ असं मानणं ही त्याची फसवणूक आहे. त्याच ग्रुपवर बाकीच्यांसाठी तीन तीन मिनिटांचे आवाजी निरोप फिरत असतात, आणि लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

फोनशी कर्णबधिरांचं नातं पहिल्यापासून असंच दुखरं आहे. 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट घेणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल मूळचा कर्णबधिरांचा शिक्षक. त्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं. त्याच्या यंत्रामुळे नेमकी तीच माणसं बाहेर राहिली. 1964 मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः कर्णबधिर असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेली अक्षरं पाठवायची सोय केली, तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षं उलटून गेली होती. 1992 मध्ये मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश गेला. आपल्याकडे खरा फरक पडला तो 2016 मध्ये, स्वस्त इंटरनेट आणि व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल एकाच वर्षी आले तेव्हा. बसथांब्यावर फोन समोर धरून एका हाताने भरभर खुणा करणारी मुलं तेव्हापासून दिसू लागली.

चित्र आणि खूण एकत्र नांदल्याचं उदाहरण मुंबईत होतं. 2015 मध्ये पवईत ‘मिर्ची अँड माइम’ हे उपाहारगृह सुरू झालं, तिथे वाढणारे कर्णबधिर होते. मेनूकार्डावर पदार्थाशेजारी त्याची खूण चित्रात दिलेली. गिऱ्हाइकाने ती स्वतःच्या हाताने करून मागवायचं. शिकायचं काम ऐकणाऱ्याकडे आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आता घरपोच जेवण आणणाऱ्या ॲपवरही, पार्सल आणणाऱ्याला ऐकू येत नसेल तर आधी तशी सूचना दिसते. तरी लोक फोन करत राहतात, आणि उचलला नाही म्हणून दारात चिडतात. पत्त्याखाली ‘दुसरी गल्ली, निळं गेट’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. दोन्ही कानांत 70 डेसिबलचा श्रवणऱ्हास असेल तर ‘बधिर’, 60 ते 70 असेल तर ‘कमी ऐकू येणारा’, अशी त्यात व्याख्या आहे. माहिती आणि संपर्काची साधनं सर्वांना वापरता आली पाहिजेत, असंही तो म्हणतो. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. इतकं असूनही बँक ‘खात्री करण्यासाठी’ फोनच करते, दवाखान्यात नंबर आला की नाव पुकारतात, आणि सोसायटीच्या मीटिंगचा निरोप वॉचमन जिन्यात ओरडून देतो. मावशीचा नंबर अशाच पुकाऱ्यात दोनदा हुकला आहे. समोर पाटी असती तर ती पहिल्याच वेळी आत गेली असती.

म्हणून मांजलपूर असो वा मुलुंड, प्रत्येक बँकेच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या अर्जात मोबाइल नंबराच्या खाली एक ओळ वाढवावी : तुमच्याशी कसं बोलू? फोनवर, लिहून, की व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेत? प्रत्येक पर्यायापुढे एक छोटं चित्र असावं, म्हणजे चार भाषांपैकी एकही नीट वाचता न येणाऱ्यालाही खूण करता येईल. आणि आतल्या माणसाने फोन उचलायच्या आधी तो अर्ज बघावा.