भायखळ्यात आधी छताकडे बघा

आदिलाबादहून नंदीग्राम एक्स्प्रेसने दादर गाठलं, की लोकलने भायखळा अगदी जवळ. राणीच्या बागेला खेटून उभं असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने. आजचं नाव १९७५ चं. शनिवार-रविवारी इथे मार्गदर्शकासोबत फेऱ्या होत आल्या आहेत, मराठीतूनही. वेळ मात्र आधी विचारून घ्या.

गर्दी थेट कपाटांकडे वळते. माझं ऐकाल तर आधी वर बघा: बिडाचे खांब, सोनेरी नक्षी, रंगवलेलं छत. इमारत हाच इथला सगळ्यात मोठा नमुना. २००८ पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धारात तिची कळा परत आली.

मग कपाटं. चांदीकाम, हस्तिदंत, मुंबईच्या कलाशाळेतली मातीची भांडी. बिदरी काम कुठे दिसलं तर थांबाच, ते आपल्याच जुन्या निजामी मुलखातलं: जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावून धातू काळा करायचा. आपल्या आदिलाबादकडच्या ओझा कारागिरांचं ढोकरा काम याहून वेगळं, मेण वितळवून पितळ ओतायचं. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.