कल्पित जमातींचा आहार : एक भाषिक विचार

भाषेच्या अभ्यासकाने काल्पनिक अन्नाचा विचार का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन अद्भुत जगाचे वर्णन करतो. त्या जगात मानवेतर जमाती असतात, आणि त्यांच्या घरी पाहुणा गेला की ताटात काय वाढावयाचे हा प्रश्न सूत्रधारापुढे येतोच. विचित्र पदार्थांची नुसती यादी करून तो सुटत नाही. आहारालाही भाषेप्रमाणे व्याकरण असते, व ते आधी सिद्ध करावे लागते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. सातारा-सांगलीकडे भाकरीबरोबर जे खावयाचे त्यास 'कोरड्यास' म्हणतात. आमटी असो वा भाजी, कोरड्या भाकरीस जोड देणारे ते कोरड्यास. 'कालवण' हा शब्द 'कालवणे' या क्रियापदावरून आला. एक पदार्थ प्रधान व दुसरा त्याचा सोबती, ही जेवणाची घडण या दोन शब्दांतच साठविलेली आहे. क्रियापदेही नेमलेली आहेत : भाकरी थापावयाची, पोळी लाटावयाची. इतकेच नव्हे, तर माणसाची पारख करण्यासही आपण स्वयंपाकघरातील शब्द वापरतो. नवशिका तो 'कच्चा' आणि अनुभवी तो 'मुरलेला'.

हे व्याकरण भूमीतून उपजते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर-पाटणकडे पाऊस मुबलक, म्हणून तेथे भात व नाचणी. पूर्वेस माण-खटावात तो तुटपुंजा, म्हणून बाजरी व ज्वारी. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याचा भात आणि जत-आटपाडीकडील ज्वारी-बाजरी, हुलगा, मटकी यांत असेच अंतर आहे. थोड्याशा प्रवासात ताट बदलते आणि ताटाबरोबर शब्दही बदलतात.

आता ही रीत कल्पित जमातीस लावून पाहू. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे काढीत. समजा, अशा पेवांतच वस्ती करून राहणारी एक ठेंगणी जमात आहे. बंद जागेत धूर कोंडतो, म्हणून तिला चूल वर्ज्य. तेव्हा धान्य भिजवून, मोड आणून वा आंबवून खाणे हाच तिचा नित्यक्रम होईल. भाजलेले अन्न वर्षातून एकदा, उघड्यावर, सणाच्या दिवशीच मिळेल. तिच्या भाषेत शहाण्या माणसास 'मोड आलेला' म्हणतील आणि उतावळ्यास 'करपट'. एका नियमातून पदार्थ, सण, म्हणी आणि शिव्या अशा क्रमाने निघतात. ऑक्सफर्डचे भाषाशास्त्रज्ञ टोल्किन यांनी आपल्या कथेतील एल्फ लोकांसाठी 'लेंबास' ही वाटेतली भाकरी योजिली, तेव्हा त्या नावाची व्युत्पत्तीही त्याच लोकांच्या भाषेतून दिली.

येथे एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. शत्रूच्या जमातीस कच्चे, कुजके वा नरमांस खावयास देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. महाभारतातील बकासुर गाडाभर अन्नासह गाडीवानासही खातो. त्यावरून तो वध्य ठरतो. परंतु 'ते घाणेरडे खातात, म्हणून ते हलके' हा न्याय आपल्या समाजाने जिवंत माणसांनाही लावला आहे. मृत जनावराचे मांस ज्यांच्या वाट्यास आले, त्यांनाच त्याबद्दल अस्पृश्य ठरविले गेले. ज्यांचे प्रारंभीचे शिक्षण साताऱ्यास झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत ते मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसाहाराचा संबंध जोडून दाखविला. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने त्याच ताटाची बाजू आतून मांडली. खेळातील राक्षसाचे ताट रचताना हा इतिहास विसरता येत नाही.

दुसरा मार्गही आपल्या परंपरेत आहे. सातारा जिल्ह्यातील पाल हे खंडोबाचे प्रसिद्ध क्षेत्र. खंडोबाने मारलेल्या मणी दैत्याने मरतेवेळी देवाजवळ जागा आणि बोकडाच्या मांसाचा नैवेद्य मागितला, व देवाने तो दिला, अशी कथा आहे. देवास वांग्याचे भरीत व रोडगा, दैत्यास त्याचे मांस. दैत्याचे अन्न निराळे राहिले, पण त्याचे पान उचलले गेले नाही.

कल्पित जमातीचा आहार रचणाऱ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : या ताटावर बसलेल्याला आपले अन्न रुचकर वाटते काय? त्याचे उत्तर होकारार्थी आले, म्हणजे ती जमात माणसांप्रमाणे जगू लागली असे समजावे.