आरोपिताचीही कैफियत

कामतघरच्या यंत्रमाग वस्तीत ज्या कारखान्यात दहा माणसेही नसतात, तेथील स्त्रीस लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गुदरता येते, ही 2013 च्या कायद्यातील तरतूद फार थोड्यांस ठाऊक आहे. आणि ज्या मुकादमावर आरोप होतो त्यास तक्रारीची प्रत 7 कार्यदिनांत मिळावी, पुढील 10 कार्यदिनांत साक्षीदारांच्या नावांसह लेखी कैफियत मांडता यावी, चौकशीत उभय पक्षांस वकील नसावा व दोघांचीही नावे गुप्त राहावीत, हे तर त्याहूनही थोड्यांस. हेतुपुरस्सर खोटी तक्रार दंडनीय आहे. परंतु केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून ती खोटी ठरत नाही, हे मला अत्यंत न्याय्य वाटते. पुरुष कामगाराचाच छळ झाला तर मात्र या कायद्यान्वये त्यास दाद मागता येत नाही, हे न्यून दूर व्हावयास हवे.